न्हाव्याची जुनी पथरी: तिचा काळ कसा ओळखावा आणि ती वापरायला कशी तयार करावी

न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, पाण्याची वाटी आणि चामोटी (वस्तरा परजण्याचा चामड्याचा पट्टा) यांच्याबरोबर वस्तऱ्याची धार ताजी करण्यासाठी तळहातावर मावेल एवढा एक दगड असे. त्याला पथरी म्हणतात. बदलत्या पात्याचे वस्तरे आले आणि आपल्याकडच्या दुकानांतून पथरी दिसेनाशी झाली. परंतु जुन्या घडीच्या वस्तऱ्याने घरीच दाढी करण्याची आवड ज्यांना लागली आहे, ते आता पुन्हा तिच्या शोधात असतात. त्यांच्या हाती बहुधा जी पथरी येते ती नैसर्गिक दगडाची नसून अमेरिकेत किंवा युरोपात कारखान्यात घडवलेली, साधारण १८९० ते १९५० या काळातली कृत्रिम पथरी असते. परदेशातला एखादा नातेवाईक ती जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणतो किंवा ती लिलावातून मागवली जाते. अशी पथरी हातात पडल्यावर ती कोणत्या काळातली आहे हे कसे ठरवावे आणि वस्तरा तिच्यावर ठेवण्याआधी तिची तयारी कशी करावी, हे येथे सांगायचे आहे.

पथरीचे काम कोणते, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. बोथट झालेल्या, दातरे पडलेल्या किंवा गंजलेल्या वस्तऱ्याला नव्याने धार काढण्यासाठी ती बनवलेलीच नव्हती. दिवसभरात अनेक दाढ्या करणाऱ्या न्हाव्याला, चामोटीने भागेनासे झाले की चार-सहा हात फिरवून वस्तरा पुन्हा कामाला घेता यावा, यासाठी ती असे. म्हणून ती लहान असते, सुमारे पाच-सहा इंच लांब आणि दोन इंच रुंद, आणि तिचा पृष्ठभाग हाताला जवळजवळ काचेसारखा गुळगुळीत लागतो. काही पथऱ्यांना दोन बाजू असतात, एक किंचित खरखरीत आणि एक बारीक. पुष्कळदा या दोन थरांचे रंगही वेगळे असतात.

कारखान्यातला दगड कुठून आला

कारखान्यातल्या पथरीआधी न्हावी नैसर्गिक दगड वापरत. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल आणि जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातला करडा-हिरवट दगड हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. खाणीतला प्रत्येक दगड वेगळा निघतो आणि चांगला दगड महाग पडतो. १८९१ साली पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगहेला गावी एडवर्ड गुडरिच ॲचिसन यांना विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक मिळाले, आणि त्याचे पेटंट त्यांना १८९३ साली देण्यात आले. घासण्याच्या कामाचा हा कठीण पदार्थ कार्बन आणि कोरंडम (एक अतिशय कठीण खनिज) यांचा बनला असावा अशा समजुतीने त्यांनी त्याचे नाव कार्बोरंडम ठेवले. समजूत चुकीची होती, पण नाव टिकले. आणि कोरंडम हा शब्द आपल्याच कुरुंदाचा, तमिळ-संस्कृतातून युरोपात गेलेला असल्यामुळे, मराठी वाचकाला पथरीच्या डबीवरचे ते नाव वाचताना थोडी ओळख पटायला हरकत नाही. नायगारा धबधब्याची वीज मिळावी म्हणून ॲचिसन यांच्या कार्बोरंडम कंपनीचा कारखाना १८९५ साली नायगारा फॉल्सला गेला. यापुढे एकसारख्या कणांची, एकसारख्या भाजणीची पथरी हवी तितकी बनू लागली.

मागणी फार काळ टिकली नाही. जिलेटचा बदलत्या पात्याचा सुरक्षित वस्तरा १९०३ साली बाजारात आला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी असे सुमारे ३५ लाख वस्तरे घेतले. घरी परतलेला सैनिक सहसा घडीच्या वस्तऱ्याकडे पुन्हा वळला नाही. न्हाव्यांच्या दुकानांत पथरी आणखी काही दशके राहिली. म्हणून आज मिळणाऱ्या पथऱ्यांपैकी पुष्कळशा या पाच-सहा दशकांच्या टप्प्यातल्याच असतात, आणि त्या टप्प्याच्या आत काळ निश्चित करणे हेच खरे कौशल्याचे काम आहे.

काळ ओळखताना

पथरीवर सन छापलेला सहसा नसतो. काळ सांगतात त्या तिच्याबरोबरच्या गोष्टी: डबी, तिच्यातला सूचनांचा कागद, दगडावरचा ठसा. म्हणून विकत घेताना डबी फाटकी आहे म्हणून ती नको, असे म्हणू नये. माझ्या मते डबीशिवायच्या पथरीचा अर्धा इतिहास हरवलेला असतो, आणि तो मागाहून कुठूनही आणता येत नाही.

डबीवरचा पत्ता प्रथम वाचावा. आपल्याकडे पिन कोड १९७२ साली आला, तसा अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ रोजी सुरू झाला. त्याआधी १९४३ पासून मोठ्या शहरांच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग लिहीत असत. त्यामुळे ‘शिकागो १२, इलिनॉय’ अशा धर्तीचा पत्ता दिसला, तर ती डबी १९४३ ते १९६३ या वीस वर्षांतली आहे असे मानता येते. शहराच्या नावापुढे काहीच आकडा नसेल, तर ती बहुधा त्याआधीची असते, मात्र लहान गावांना असे विभाग नव्हते हे लक्षात ठेवावे. कार्बोरंडम कंपनीच्या डबीवर नायगारा फॉल्सचा पत्ता असेल, तर ती १८९५ च्या आधीची असणे शक्य नाही.

यानंतर व्यापारचिन्हाकडे पाहावे. व्यापारचिन्हाखाली अमेरिकी पेटंट कार्यालयात नोंद असल्याचा जो संक्षिप्त इंग्रजी उल्लेख असतो, तो १९०५ च्या कायद्याने आला. वर्तुळातला इंग्रजी आर (®) मात्र १९४६ च्या कायद्यानंतरचा आहे आणि तो कायदा १९४७ मध्ये लागू झाला. म्हणून तो बारीकसा वर्तुळातला आर ज्या डबीवर असेल, ती डबी कितीही जुनाट दिसली तरी १९२० ची म्हणून विकत घेऊ नये. पेटंटचा क्रमांक छापलेला असेल तर काम अधिक सोपे होते. अमेरिकेचे दहा लाखावे पेटंट ८ ऑगस्ट १९११ रोजी, वीस लाखावे ३० एप्रिल १९३५ रोजी आणि तीस लाखावे १२ सप्टेंबर १९६१ रोजी दिले गेले. क्रमांक या खुणांच्या मधे बसवला की दशक कळते, आणि पेटंटचे मूळ कागद उघडले की दिवसही कळतो. मात्र पेटंटची तारीख ही पेटंट दिल्याची तारीख आहे, डबी छापल्याची नव्हे. तीच डबी त्यानंतर दहा-पंधरा वर्षेही छापली जात असे. तिच्यावरून ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच ठरते, ‘याच वर्षीचे’ असे ठरत नाही.

कंपन्यांची खरेदी-विक्री हा तिसरा आधार. न्यू हॅम्पशायरमधल्या पाइक गावच्या पाइक कंपनीचे दगड फार नावाजलेले होते. ती १९३२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या नॉर्टन कंपनीकडे गेली, त्यामुळे दोन्ही नावे जोडून लिहिलेली डबी त्यानंतरच्या काळात येते. कीन कटर हे नाव सेंट लुईसच्या सिमन्स या हार्डवेअर कंपनीचे. तिचा व्यवसाय १९४० साली त्याच शहरातल्या शॅपली कंपनीने घेतला, म्हणून कीन कटरच्या शेजारी सिमन्सचे नाव असेल तर आधीचा काळ आणि शॅपलीचे असेल तर नंतरचा, हे सरळ सांगता येते.

युरोपातल्या पथऱ्यांत फ्रांझ स्वाटी हे नाव सर्वांत अधिक आढळते, आणि तिचा काळ ठरवण्याला राज्यांचा इतिहास उपयोगी पडतो. हा कारखाना द्रावा नदीकाठच्या मारबुर्ग शहरात होता. मारबुर्ग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होते. १९१८ नंतर तेच शहर मारिबोर या नावाने सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या राज्यात गेले, त्या राज्याचे नाव १९२९ साली युगोस्लाव्हिया झाले, आणि आज मारिबोर स्लोव्हेनियात आहे. त्यामुळे दगडावर ऑस्ट्रिया असा ठसा असेल तर तो सहसा १९१८ पूर्वीचा आणि युगोस्लाव्हिया असेल तर १९२९ नंतरचा मानावा. अमेरिकेत आलेल्या मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने झाली आणि ती १ मार्च १८९१ पासून अमलात आली, म्हणूनच हे देशाचे ठसे आपल्याला उपलब्ध आहेत.

एवढे करूनही डबी गप्प राहिली, तर जुनी सूचिपत्रे पाहावीत. सिअर्स रोबक आणि माँटगोमेरी वॉर्ड यांच्या टपाल-विक्रीच्या जाडजूड सूचिपत्रांत चित्र आणि किंमत यांसह वस्तू छापलेल्या असत, आणि डबीवरचे अक्षरवळण त्या चित्राशी जुळले की बरीच खात्री पटते. रंग, वजन किंवा झीज यांवरून मात्र काळ ठरवू नये. दोन वर्षे वापरलेली पथरी तीस वर्षे वापरलेल्या पथरीहून अधिक झिजलेली असू शकते. तो सगळा वापरणाऱ्याच्या हाताचा प्रश्न आहे.

धुण्याआधी आणि धुताना

पथरी घरी आली की लगेच पाण्यात टाकू नये. प्रथम सर्व बाजूंनी तिची छायाचित्रे घ्यावीत, ठसा कोणत्या बाजूला आहे ते टिपून ठेवावे, आणि डबी व कागद वेगळे कोरडे ठेवून द्यावेत. दगडाला चीर आहे का, हे पाहण्यासाठी तो दोन बोटांत सैल धरून नखाने टिचकी मारावी. अखंड दगडाचा आवाज स्वच्छ येतो, चिरलेल्याचा बद्द येतो. कोपऱ्यावरची टवका उडालेली जागा चालवून घेता येते. पृष्ठभागाच्या मधोमध असलेली चीर मात्र चालणार नाही, कारण वस्तऱ्याची धार तिच्यावरून जाताना दर फेरीला दुखावली जाईल.

जुन्या पथरीवर साबणाचे थर, तेल आणि पोलादाची काळी भुकटी साचलेली असते. कोमट पाणी, भांडी घासण्याचा पातळ साबण आणि मऊ दातांचा ब्रश एवढ्याने बहुतेक मळ निघतो. तेल मुरलेले असेल तर साबण लावून दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे, धुवावे, आणि पाणी काळे येणे थांबेपर्यंत हेच पुन्हा करावे. अल्कोहोल, ॲसिटोन, टर्पेंटाइन किंवा उकळते पाणी कटाक्षाने टाळावे. कृत्रिम पथरीतले कण कशाने बांधलेले आहेत हे बाहेरून दिसत नाही. भट्टीत भाजलेला काचेसारखा बांध या द्रव्यांना दाद देत नाही, पण लाखेचा किंवा राळेचा बांध अल्कोहोलने मऊ पडून पृष्ठभाग चिकट होतो आणि दगड कायमचा जातो. वीस मिनिटांची घाई टाळण्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

सपाटी

वस्तरा पथरीवर ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात, आणि पाठच धारेचा कोन ठरवते. म्हणून दगडात जराशी खोल (खचलेली जागा) असली तरी धारेची टोके अधिक घासली जातात आणि मधला भाग तसाच राहतो. सपाटी तपासण्यासाठी पोलादी पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून तिच्या मागून टॉर्चचा उजेड सोडावा. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ जिथे दिसते तिथे दगड खचलेला आहे. माझ्याकडच्या पथऱ्यांत ही रेघ बहुतेक वेळा मध्यभागी, किंचित एका बाजूला सरकलेली आढळली आहे, कारण न्हाव्याचा हात नेहमी त्याच वाटेने फिरत असे.

दुरुस्तीसाठी जाड काचेचा किंवा ग्रॅनाइटचा सपाट तुकडा, त्यावर पाण्याने चिकटवलेला ३२० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा घासण्याचा कागद) आणि एक शिसपेन्सिल लागते. हिऱ्याची सपाट प्लेट असल्यास काम लवकर होते, कारण सिलिकॉन कार्बाइडच्या पथरीवर सिलिकॉन कार्बाइडचाच कागद फार लवकर झिजतो. पथरीवर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघांची जाळी काढावी, भरपूर पाणी घालावे, आणि दगड आठाच्या आकारात हलक्या हाताने फिरवावा. दहा-बारा फेऱ्यांनंतर दगड उचलून पाहिला की खचलेल्या जागेवरच्या रेघा जशाच्या तशा काळ्या उरलेल्या दिसतात आणि बाजूच्या पुसल्या गेलेल्या असतात. दर थोड्या वेळाने दगड उलट टोकाने धरावा, नाहीतर हाताचा जोर एकाच बाजूला पडून एक कड उतरती होते. शेवटची रेघ गेली की जाळी पुन्हा काढावी. दुसऱ्या खेपेला सगळ्या रेघा एकदम पुसट झाल्या, तरच दगड सपाट झाला असे समजावे. हे सर्व ओल्यातच करावे. कोरड्या दगडाची धूळ फुप्फुसांत जाता कामा नये.

येथे दोन गोष्टींची फार काळजी घ्यावी लागते. दोन थरांच्या पथरीत बारीक थर कधी कधी अगदी पातळ असतो. माझी पहिली पथरी मी याच चुकीने घालवली: तांबूस बारीक थर आणि करडा खरखरीत थर असलेली ती पथरी होती, आणि खोल पूर्ण काढायचीच असा हट्ट धरून मी घासत राहिलो, तेव्हा घासताना निघणाऱ्या गाळाचा रंग तांबड्याचा करडा झालेला माझ्या लक्षात आला नाही. धुतल्यावर एका कोपऱ्यात खालचा थर रुपयाएवढा उघडा पडलेला दिसला. तेव्हापासून मी गाळाच्या रंगावर डोळा ठेवतो, आणि अगदी टोकाशी, वस्तरा क्वचितच जातो अशा जागी, थोडी खोल राहिली तर ती तशीच ठेवतो. दुसरी गोष्ट ठशाची. दगडात दाबून उमटवलेले नाव ज्या बाजूला आहे ती बाजू घासू नये. दुसरी बाजू वापरावी. नाव पुसले की आपण आधी इतक्या कष्टाने ठरवलेला काळ सांगणारा पुरावाच नष्ट होतो.

सपाट झालेला दगड अजून वस्तऱ्यासाठी तयार नसतो. ३२० नंबरने त्याच्यावर ओरखड्यांची जी उघडी खडबड आणली आहे, ती धारेवर उमटेल आणि दाढी ओरबाडल्यासारखी होईल. म्हणून त्याच पद्धतीने ६००, १००० आणि शेवटी २००० नंबरच्या कागदावर तो घ्यावा. प्रत्येक कागदानंतर दगड आणि काच दोन्ही स्वच्छ धुवावेत, कारण मागचा एक जाड कण पुढच्या कागदावर राहिला तरी तो रेघ पाडतो. २००० नंबरनंतर ओला दगड तिरका धरला की खिडकीचा उजेड त्यावर मंद चमकतो. पुष्कळजण येथेच थांबतात. मी याच्या पुढे जुन्या बोथट सुरीची गुळगुळीत पाठ साबणाच्या पाण्यासह त्यावर पंधरा-वीस मिनिटे फिरवतो. त्याने वर आलेली कणांची टोके बसतात आणि दगड पूर्वीच्या न्हाव्याच्या हातात होता तसा शांत होतो. सर्वांत शेवटी चारही वरच्या कडा कागदावर ४५ अंशात दोन-चार वेळा घासून मारून घ्याव्यात, म्हणजे वस्तऱ्याची धार तीक्ष्ण कडेवर आपटून तुटणार नाही.

वस्तरा ठेवताना

वस्तऱ्याला आधीपासून नीट उतार (दोन्ही बाजूंनी धारेकडे निमुळता होत जाणारा घासलेला भाग) असला पाहिजे. नसेल तर तो १००० नंबरच्या दगडावर आणि पुढे बारीक दगडांवर घेऊन मगच पथरीकडे यावे. पथरीच्या बारीक बाजूवर दाढीच्या साबणाचा पातळ फेस लावावा. डबीवर वेगळी सूचना असेल तर ती पाळावी. वस्तरा आडवा ठेवून पाठ आणि धार दोन्ही टेकवाव्यात, धार पुढे ठेवून सरकवावा, आणि पथरी वस्तऱ्याहून अरुंद असल्यामुळे सरकवताना टाचेकडून (मुठीजवळच्या भागाकडून) टोकाकडे तिरका ओढावा, म्हणजे संपूर्ण धार दगडावरून जाते. पथरीच्या टोकाला पोहोचल्यावर वस्तरा पाठीवर उलटावा, धारेवर कधीही नाही. जोर केवळ वस्तऱ्याच्या वजनाचा असावा. अशा चार ते सहा जोडफेऱ्या पुरतात.

जास्त फेऱ्या केल्या की धारेच्या टोकाला तार येते. भिंगातून पाहिले तर ती एका बाजूला वाकलेल्या, चमकणाऱ्या धाग्यासारखी दिसते, आणि हातावरच्या केसावर वस्तरा फारच जहाल वाटतो. पण पहिल्याच दाढीत ती तार तुटून धार दातेरी होते. अशी तार आली असेल तर धारेऐवजी पाठ पुढे ठेवून तीन-चार अतिशय हलक्या फेऱ्या द्याव्यात आणि मग धार पुढे ठेवून दोनच फेऱ्यांत थांबावे. यानंतर वस्तरा पुसून चामोटीवर पाठ पुढे ठेवून चाळीस-पन्नास फेऱ्या घ्याव्यात. केसाची परीक्षा चामोटीनंतर करावी: बोटांत धरलेला एक केस धारेला नुसता टेकवला की तुटला पाहिजे, ओढावा लागता कामा नये.

काम झाल्यावर पथरी कोमट पाण्याने धुवून सावलीत वाळवावी. ओली पथरी मूळ डबीत घालू नये, पुठ्ठा ओलावतो आणि छपाई उठते. मी पथरी सुती कापडात गुंडाळून वेगळी ठेवतो आणि डबी, तिच्यातला कागद आणि घेतलेल्या छायाचित्रांची प्रत एका कागदी पाकिटात घालतो. पाकिटावर काळ कोणत्या खुणांवरून ठरवला ते पेन्सिलीने लिहिलेले असते, म्हणजे पुढे ती ज्याच्या हाती जाईल त्याला तोच शोध पहिल्यापासून करावा लागत नाही.